कानावर अंगठा

१

नारायणगावच्या पेठेत उगमबाईंचं भांड्यांचं दुकान होतं आणि उगमबाईंचा कुणावरही विश्वास नव्हता. या दोन्ही गोष्टी गावात सारख्याच प्रसिद्ध. दूधवाला हसला तर आज पाणी जास्त घातलंय, आणि नाही हसला तर घातलेलं मनाला खातंय, असा बाईंचा सरळ हिशेब. त्यांचे यजमान माणिकचंद होते तोवर गिऱ्हाइकांना सांगायचे, "साक्षात भगवंत दारात आले तरी आमची ही आधी विचारील, आज इकडं कसं काय, काम काय काढलंत?" पुढं माणिकचंद गेले. दुकान राहिलं, एकुलता एक विपुल राहिला, आणि संशय तर काय, तो बाईंनी माहेराहूनच आणलेला होता.

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. दिवाळी तोंडावर आलेली, कांदा सोन्याच्या भावाला गेलेला. ज्यांच्या साठवणीच्या चाळीत कांदा शिल्लक होता त्या घरच्या बायकांना आता जुनी पितळ मोडीत देऊन चकचकीत स्टील घ्यायचं होतं. विपुल सकाळी भाड्याच्या टेम्पोत डबे, ताटं, हंडे भरून निघायचा. कधी आंबेगाव तालुक्याकडं, कधी ओतूरच्या बाजूला. संध्याकाळी टेम्पो मोडीनं भरून परत. फुटक्या घागरी, चेपलेले बंब, कडी तुटलेल्या बादल्या, सगळं दुकानामागच्या खोलीत ओतायचं. तिथं महंमद हनीफ बसलेला असायचा. हनीफ जुन्नरचा, मूळचा कल्हईवाला. स्टील आलं आणि त्याची कल्हई बुडाली, तेव्हापासून तो उगमबाईंकडं मोड निवडायला येई. ज्या स्टीलनं याचा धंदा खाल्ला त्याच स्टीलच्या दुकानात हा गुमान येऊन बसतो, हे बाईंना कधीच सरळ वाटलं नव्हतं.

त्या दिवशी टेम्पो महाळुंगे पडवळहून आला. एरवी विपुल पुढं ड्रायव्हरशेजारी गप्पा छाटत बसायचा. आज तो मागं, मोडीच्या ढिगात बसून आला होता. त्याच्या पुढ्यात एक पंचरशी धातूचं बूड आडवं पडलेलं. मोठा खल वाटावा असं. एक बाजू बंद, दुसऱ्या बाजूला तोंड, पण तोंडाची कड करवतीनं कापलेली. बंद बाजूपासून जरा पुढं, वरच्या अंगाला, करंगळीही जाणार नाही एवढं भोक होतं. त्या भोकावर विपुलनं उजव्या हाताचा अंगठा दाबून धरला होता.

हमालांनी बूड उचलून आत नेलं. विपुल कमरेत वाकून त्यांच्या बरोबरीनं चालत गेला, पण अंगठा काढला नाही.

"अरे, हात काढ की. चेंगरेल," बाई म्हणाल्या.

"असू दे, मम्मी."

"कुणी दिलं हे?"

"एक म्हातारी होती. ठमाबाई."

"बदल्यात काय नेलं तिनं?"

"काही नाही. डबा घ्या म्हटलं, तर नको म्हणाली."

झालं. उगमबाईंच्या कपाळाला आठी पडली ती तिथंच. फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत दुकानदाराइतकी कुणाला कळते? त्यांनी खाली वाकून बुडात नजर घातली. आत काळोख होता आणि ओल्या लोकरीचा वास येत होता.

२

दुसऱ्या दिवशी टेम्पो दारात उभा राहिला आणि विपुल निघालाच नाही. म्हणाला, अंग मोडून आलंय. त्याच्या पुढच्या दिवशी म्हणाला, ड्रायव्हर नीट चालवत नाही. मग काही म्हणायचंच सोडलं. उजाडलं की तो मागच्या खोलीत जाऊन बसायचा, भिंतीला पाठ लावून, पुढ्यात ते बूड.

बाईंना आधी मटका वाटला. मग पोरगी वाटली. मग वाटलं, गुटखा खात असणार, मेला. पेठेत विचारून झालं, टेलिफोन बूथवाल्याला खोदून झालं, काही हाती लागेना. शेवटी त्यांनी त्यांची युक्ती केली. दुकानातल्या फळ्यांवर ताटांच्या रांगा उभ्या लावलेल्या असत. समोरच्या फळीवरची एक मोठी परात त्यांनी जरा कलती केली. आता गल्ल्यावर बसल्या बसल्या परातीत मागची खोली दिसायची.

परातीत विपुल दिसला. तो काहीच करत नव्हता. भोकावर अंगठा, डोळे बुडाच्या तोंडापाशी, बस्स. मधूनच मान हलवायचा, कुणीतरी काही विचारल्यावर हलवावी तशी. पोरगं चोरून काही करत असतं तर बाईंनी त्याला धू धू धुतलं असतं आणि रात्री गोडाधोडाचं करून घातलं असतं. काहीच न करणाऱ्या पोराचं काय करायचं, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांना भीती वाटली, आणि भीती वाटली याचाच राग आला.

मग आवाज. दुपारी पेठ जरा निवांत झाली की यायचा. काहीतरी लांबवर सरकत गेल्यासारखं, आणि शेवटी जड, दाबलेला ठप्प. पोत्यात भुसा ठासावा तसा. बाईंनी आधी शेजारच्या पिठाच्या गिरणीवर आळ घेतला. गिरणी त्या दिवशी बंद होती.

अजून एक गोष्ट त्यांनी टिपली. हनीफ इतकी वर्षं दारासमोर उजेडात बसायचा. आता त्यानं आपलं पोतं उचलून पार कोपऱ्यात नेलं होतं. बुडाच्या तोंडासमोरून जायची वेळ आली तर तो खोलीला वळसा घालून जायचा.

३

"हनीफभाई, जरा इकडं या," बाईंनी त्याला दुकानात बोलावलं. "ते काय आहे, तुम्हाला माहीत आहे. उगाच नाही म्हणू नका."

हनीफनं टोपी काढून परत घातली. "तोफेचं बूड आहे, भाभी. पुढची नळी कुणीतरी कापून नेली."

"तोफ महाळुंग्याच्या म्हातारीकडं कशाला असेल?"

"वालंटर लोकांची असेल." तो हळू आवाजात बोलत होता. "आमच्यात सांगतात. इंग्रजाच्या काळात जुन्नरच्या चावडीपुढं साहेब उभा राहिला. म्हणाला, सक्ती नाही, ज्याला यायचं त्यानं आपखुशीनं पुढं व्हा. या भागातली माणसं झाली पुढं. माझा पणजोबाही झाला. आगबोटीनं कराचीला नेली, तिथून तोफ खेचरावर आणि ही मंडळी पायी, थेट काबूलकडच्या डोंगरात. थंडीनं आधी खेचरं मेली, मग यांनीच तोफ ओढली. घाटातून पलटण माघारी यायची आणि यांनी मागं थांबून वाट धरून ठेवायची, हे यांचं काम. अख्खी दुपार धरून ठेवली म्हणतात."

"मग?"

"तोफेला कान असतो, भाभी. ते भोक. बार उडाला की आत विस्तव राहतो. ओल्या चिंध्यांच्या पुचाऱ्यानं नळी पुसायची, नवी दारू घालायची आणि गजानं ठासायची. ठासताना कानावर अंगठा गच्च पाहिजे. हवा आत गेली की विस्तव पेटला, आणि गजवाल्याचे हात तर नळीपाशी." हनीफनं आपले हात बघितले. "माझा पणजोबा गजवाला होता."

"आणि कानावर कोण होता?"

"महाळुंग्याचा. शेवटी त्यानं अंगठा काढला म्हणतात. तो एकटाच परत आला. तोफही त्यालाच मिळाली."

उगमबाई त्याच्याकडं बघत राहिल्या. गोष्ट चांगली होती, पण चांगली गोष्ट सांगणाऱ्या माणसाचा नेहमीच काहीतरी मतलब असतो. माझ्या पोराचे कान यानंच फुंकले नसतील कशावरून? जुनं वैर महाळुंग्याचं, आणि पोर माझं.

"एक सांगू?" हनीफ उठता उठता म्हणाला. "विपुलला तिथून एकदम उठवू नका."

"आणि उठवला तर?"

"मला नाही माहीत. मी कल्हईवाला माणूस. पण नका उठवू."

आता उगमबाईंना कुणी 'नका' म्हणावं, म्हणजे कल्याणच.

४

दुसऱ्या दिवशी भर बाजार, दुकानात गिऱ्हाइकांची ही गर्दी, आणि एक बाई डब्याचं झाकण बसत नाही म्हणून तावातावानं भांडत होती. उगमबाईंनी विपुलला हाका मारल्या. परातीत तो दिसत होता, पण मान वर करत नव्हता. तशा त्या उठल्या, तरातरा मागं गेल्या आणि पंचवीस वर्षांच्या त्या घोड्याचा कान धरून त्याला ओढलं.

"मम्मी, थांब. थांब, त्याचे हात..."

अंगठा निघाला.

शटर धाडकन पडावं तसा आवाज झाला. दुकानातल्या बायांनी मागं वळून बघितलं, पण शटर उघडंच होतं. फळ्यांवरची ताटं नुसती थरथरत होती आणि त्यांचा बारीक किणकिणाट बराच वेळ चालू राहिला. धूर नाही, जाळ नाही. फक्त बाईंच्या तोंडात एकदम कडू चव आली.

हनीफ त्याच वेळी तांब्याचं पोतं घेऊन दारातून आत येत होता. घाईत होता, वळसा घालायचा राहिला. पोतं त्याच्या हातातून सुटलं. तो ते उचलायला वाकला, पण हात उचलेनात. मनगटापासून खाली लोंबत होते, वाळत घातलेल्या पायमोज्यांसारखे. रक्त नाही, जखम नाही. हनीफ आधी त्यांच्याकडं आणि मग बाईंकडं बघत होता. ते बघणंच बाईंना सोसेना.

डॉक्टर म्हणाले, मानेत नस दबली आहे, जड उचललं असेल, पुण्याला नेऊन दाखवा. सगळ्यांना पटलं. उगमबाईंनाही पटलं, कारण पटवून घेणं भाग होतं. हनीफची बायको सायराबानू त्याला न्यायला आली. तिनं नवऱ्याला घोटभर पाणी स्वतःच्या हातानं पाजलं. उगमबाई गल्ल्यामागं उभ्या राहून बघत होत्या आणि त्यांच्या मनात एकच गोष्ट घुमत होती. विपुल 'त्याचे हात' असं आधी म्हणाला होता. हनीफ दारात यायच्या आधी.

५

बाई काही हात बांधून बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. कानाला खडा लावतात म्हणे. मग लावून टाकू की खराच.

त्यांनी हार्डवेअरच्या दुकानातून पाइपची गळती बुजवायचं ते घट्ट लुकण आणलं आणि संध्याकाळी, विपुल उठल्यावर, भोकात स्वतः ठासून बसवलं. वर चपटा खडा दाबला. बघता बघता दगडासारखं झालं. विपुल दारात उभा राहून बघत होता.

"कर, मम्मी," तो म्हणाला. "मीही केलं होतं. मेणाचं."

सकाळी बाई आत गेल्या तेव्हा खडा एकीकडं पडला होता आणि लुकणाची गुळी दुसरीकडं, अखंड. उचलली तर कोमट होती. विपुल कधीच जागेवर येऊन बसला होता. त्याचा अंगठा आता काळानिळा पडला होता, नख उललं होतं.

मग त्यांनी ते बूड भट्टीला द्यायचं ठरवलं. वितळलं की मिटलं. भट्टीवाल्यानं हमाल पाठवले. ते उचलायला वाकले, एकमेकांकडं बघितलं आणि सरळ बाहेर निघून गेले. का, ते सांगेनात. एकजण एवढंच म्हणाला, "भरलेलं हाय ते, बाई."

त्या विपुलसमोर जाऊन बसल्या. त्याचे गाल आत गेले होते. पोटच्या पोराचा चेहरा असा म्हाताऱ्यासारखा बघणं कुठल्याही आईला कठीण. बाईंचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

"सोड ना रे. काय होईल, होऊ दे. सोड आणि पळ इथून."

"सोडू कसा? तो समोर उभाय. हात आत घालून."

"कोण उभाय? मला का दिसत नाही?"

विपुलनं जरा विचार केला. "तू धरलं नाहीस म्हणून," तो म्हणाला.

६

महाळुंगे पडवळला जायला जीपनं कळंबच्या फाट्यावर उतरावं लागतं. तिथून दुसरी जीप. उगमबाईंनी सबंध रस्ता मनातल्या मनात त्या म्हातारीला शिव्या घातल्या. करणी करणारी असणार, लिंबं-बाहुल्यावाली, डोळे आत गेलेली. गावात ठमाबाईचं घर विचारलं तर पारावरचा माणूस म्हणाला, "कान्धऱ्यांचं का? त्ये काय, कौलाचं."

"कानधरे आडनाव आहे?"

"नाव न्हाई वो. लोकं म्हंत्यात."

ठमाबाई अंगणात शेंगा तोडत बसली होती. गोरी, टुकटुकीत, चांगली हसतमुख म्हातारी. तिनं उगमबाईंना पाणी दिलं, बसायला घोंगडं दिलं. उजव्या हाताचा अंगठा तेवढा पार चपटा झालेला, पोळपाटावर लाटल्यासारखा.

"तुमी त्या पोराच्या आई? लई गुणाचं पोर हाय," ती म्हणाली. "मी वट्ट्यावर अंगठा धरून बसले व्हते. त्यानं समदी भांडी दाखवली आन् मंग म्हनला, आजी, लई येळ झाला, हात भरून आला असंल तुमचा. द्या, मी धरतो."

"आणि तुम्ही दिलं? त्याला सांगायचं नाही, की हे असं असं आहे?"

"कसं सांगू, बाई? सांगितलं की आपखुशीचं ऱ्हात न्हाई. मंग त्यास्नी चालत न्हाई. त्ये वालंटर व्हते. कुनी धाडलं म्हनून गेलं न्हवते."

"माझं पोर मरेल हो."

ठमाबाईचा हात शेंगांवर थांबला. "मरत न्हाई कुनी. उजाडल्यापास्नं दिस मावळंस्तवर बसायचं. अंधारात तोफ कुठं चालती? मी बसलेच की. लगीन होऊन आले त्या वर्साला धरलं, त्ये आत्ता सोडलं. लेकरू न्हाई झालं मला. शेजारच्या गावची जत्रा बघितली न्हाई."

"परत घ्या," उगमबाईंनी हात जोडले. जन्मात त्यांनी कुणाला हात जोडले नव्हते, मंदिराबाहेर. "मी आणून देते. काय हवं ते मागा."

"घेते की." ठमाबाई खरंच विचार करत होती. "रोज सकाळी मनाला इचारते, ठमे, जाशील का? पोरगं कवळं हाय, जा. मन न्हाई म्हनतं. तोंडानं हो म्हनू एक येळ, पन त्यास्नी फशिवता येतं व्हय?"

तिनं हातातली शेंग खाली ठेवली. मग ठमाबाई आपल्या चपट्या अंगठ्याकडं बघत बोलली. "मला बी कुनी बस म्हनलं न्हवतं. सासूबाईचा हात सुजला व्हता. ती माज्याकडं बगत बी नव्हती, निस्ती कन्हत व्हती. मीच म्हनले, सरा, मी धरते." ती थांबली. "आता म्हातारपनी वाटतं, कन्हली तरी कशापायी?"

उगमबाईंनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. उठताना त्यांनी शेवटचा घाव घालायचा म्हणून विचारलं, "आणि तुम्ही? माझं पोर आलं तेव्हा तुम्ही नव्हता कण्हत?"

ठमाबाई पुन्हा शेंगा तोडायला लागली.

७

परतीच्या जीपमध्ये बाईंचं सगळं ठरलं. त्यांना त्यात मोठेपणाचं काही वाटलं नाही. विपुल पंचवीसचा. त्याचं लग्न व्हायचंय, त्याला घर करायचंय, या पेठेतून बाहेर पडून जग बघायचंय. आपलं काय राहिलं? आणि नाहीतरी दिवसभर आपण गल्ल्यावर बसूनच असतो.

दुकान उघडं होतं, ऊन अजून रस्त्यावर होतं. मागच्या खोलीत विपुल तसाच बसलेला. ओठ सुकलेले, डोळे समोर. त्यानं आईकडं बघितलं आणि परत मान वळवली. कण्हला नाही. काही मागितलंही नाही.

"सरक," बाई म्हणाल्या. "मी धरते."

विपुल "नको" म्हणाला नाही. कुठल्याही आईला आपलं पोर निदान एकदा तरी नको म्हणेल असं वाटतं. बाई बुडाच्या दुसऱ्या अंगाला बसल्या, कारण तिकडं पाट मांडलेला होता. त्याच्या अंगठ्याशेजारी आपला अंगठा आणला, आणि त्याचा सरकताच दाबला.

खालून ओढ लागली. गरम, ओली, वासराच्या तोंडासारखी. त्यांनी अंगठा काढला नाही. समोर, दारापलीकडं, दुकानातली उभी ताटं दिसत होती. एका ताटात काहीतरी निळं हललं. बाही. दुसऱ्या ताटात एक बूट आणि त्याला गुंडाळलेल्या चिंध्या. परातीत कुणाची तरी पाठ. वाकलेली, धापा टाकणारी. त्यांच्या आणि ताटांच्या मध्ये खोली रिकामी होती, आणि ताटांमध्ये माणसं मावत नव्हती. बाईंनी डोळे मिटून उघडले. आता ताटांची गरज राहिली नव्हती.

विपुल उभा राहिला होता. त्यानं हात झटकले, खांदे मोकळे केले, मोरीत जाऊन तोंड धुतलं. पाण्याचा आवाज किती वेळ येत होता. बाई जरा सावरून बसायला लागल्या, तेव्हा कुठं त्यांचं लक्ष खाली गेलं.

उगमबाई डावखुऱ्या. जेवण तेवढं उजव्या हातानं, लहानपणी मार खाऊन शिकलेलं. बाकी जोराचं सगळं काम डावं. विपुल इतके दिवस भिंतीला टेकून बसायचा, उजव्या हातानं धरून. हा पाट त्याच्यासमोरच्या अंगाला होता, जिथं डावा हात बरोबर कानावर पडतो. पाटही साधा नव्हता. त्यांना गुडघ्यामुळं खाली बसवत नाही म्हणून माडीवरच्या स्वयंपाकघरात ठेवलेला तो उंच पाट होता. त्यावर त्यांचीच चौघडी. हाताशी पाण्याचा तांब्या, आणि तांब्याला टेकून रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी.

यानं माडीवरून हे कधी आणलं? पहाटे, उजाडायच्या आधी? की त्याच्याही आधी?

"मम्मी, जेवून घेतो," विपुल दारातून म्हणाला. आवाज किती मोकळा होता त्याचा. "काही लागलं तर हाक मार."

पोरगं काळजीनं करत असेल. आई येऊन शेजारी बसेल, तिचे गुडघे दुखतील, म्हणून मांडला असेल पाट. तसंही असू शकतं. एक शब्द विचारला की कळलं असतं. ज्या बाईनं आयुष्यात दूधवाल्याला सोडलं नाही, नवऱ्याला सोडलं नाही, प्रत्येकाच्या हसण्याचं कारण विचारून घेतलं, तिच्या जिभेवर तो शब्द येऊन थांबला. विपुलला खोटं बोलता येत नाही. विचारलं असतं तर त्यानं खरं सांगितलं असतं, आणि ते ऐकून अंगठा जागेवर राहिला असताच असं नाही.

"जेव पोटभर," त्या म्हणाल्या.

बुडाच्या तोंडापाशी गजवाला दोन्ही हात पुढं घालून उभा होता. तरुण होता, दाढीवर बर्फ होतं, आणि हनीफसारखीच त्याच्या कानाची पाळी जरा पुढं आलेली. त्यानं बाईंच्या अंगठ्याकडं बघितलं, मग त्यांच्या तोंडाकडं. खात्री पटल्यासारखी मान हलवली आणि निश्चिंतपणे ठासायला लागला. उगमबाईंनी अंगठा आणखी घट्ट दाबला.